यादीतली किंमत आणि शेवटचा हप्ता

नवरात्रात घट बसले की मोटारींच्या शोरूममध्ये वर्दळ वाढू लागते. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात यावी, तिला झेंडूचा हार घालावा, चाकाखाली नारळ फोडावा, ही हौस सामान्य नोकरदारापासून मोठ्या उद्योजकापर्यंत सर्वांना सारखीच असते. फरक असतो तो आकड्यांचा. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या पुढे गेली की मूळ किंमतीखाली आणखी एक यादी सुरू होते. ही यादी असते पर्यायी सुविधांची. कर्जप्रकरण मंजूर होऊन गेलेले असते, मन हर्षभरित असते आणि नेमक्या त्या घटकेला ही यादी पुढ्यात येते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्री चालवणारे एक उद्योजक क्षणभर डोळ्यांसमोर आणावेत. वय पंचावन्नच्या घरात. भंगार घेताना किलोमागे पन्नास पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा हा माणूस. शोरूममध्ये पंचाहत्तर लाखांची पेट्रोल एसयूव्ही ठरते. मग विक्री प्रतिनिधी टॅबवर यादी उघडतो. वीस इंची अलॉय व्हील, पूर्ण छतभर सनरूफ, एअर सस्पेन्शन, मॅट रंग, नामांकित कंपनीची ध्वनियंत्रणा, मागील प्रवाशांसाठी पडदे, व्हेंटिलेटेड सीट, समोरून येणाऱ्या वाहनानुसार झोत बदलणारे हेडलाइट, चारही बाजू दाखवणारा कॅमेरा. सर्वांची बेरीज आठ लाख.

‘‘साहेब, एवढ्या मोठ्या गाडीत आठ लाखांचं काय एवढं? हप्त्यात चौदा-साडेचौदा हजारांचा फरक. आणि ही सगळं बसवलेली गाडी तयार उभी आहे, दसऱ्याला चावी देतो.’’

प्रतिनिधीचे गणित चुकीचे नसते, हे आधी मान्य करायला हवे. पंचाहत्तर लाखांच्या शेजारी आठ लाख खरोखरच लहान दिसतात. तेच आठ लाख फाउंड्रीतल्या नव्या मशीनसाठी मागितले असते, तर तीन ठिकाणची कोटेशने आली असती आणि दोन बैठका झाल्या असत्या. रकमेचे मोल तिच्या शेजारी कोणती रक्कम ठेवली आहे यावर ठरू लागले की हिशेब बिघडतो. म्हणून यादीतील प्रत्येक ओळ मोटारीच्या किंमतीपासून वेगळी काढून तिचा स्वतंत्र हिशेब मांडणे श्रेयस्कर.

तो हिशेब असा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के आहे आणि पूर्वीचा वेगळा उपकर राहिलेला नाही. कारखान्यातूनच बसवून येणारी सुविधा मोटारीच्या किंमतीचाच भाग असल्याने तिलाही हाच दर लागतो. म्हणजे आठ लाखांतील सुमारे २ लाख २९ हजार रुपये कराचे. वस्तू ५ लाख ७१ हजारांच्याच. त्यावर नोंदणीच्या वेळचा मोटार वाहन कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे नोंदल्या जाणाऱ्या, वीस लाखांवरील पेट्रोल मोटारीस हा दर १३ टक्के आहे, म्हणून आठ लाखांवर १ लाख ४ हजार. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये केलेली असली, तरी ती गाठण्यासाठी मोटार दोन कोटींच्या पुढची असावी लागते. आता ९ लाख ४ हजार झाले. या भागासाठी पूर्ण कर्ज घेतले, मुदत सात वर्षे आणि व्याजदर ९ टक्के धरला, तर मासिक हप्ता सुमारे १४ हजार ५४५ रुपये येतो. चौऱ्याऐंशी हप्त्यांची बेरीज १२ लाख २२ हजारांच्या आसपास भरते. ५ लाख ७१ हजारांच्या वस्तूंसाठी अखेरीस दुपटीहून अधिक रक्कम दिली जाते, आणि विम्याचा वाढीव हप्ता यात धरलेलाच नाही.

दहा लाखांवरील मोटारीवर एक टक्का टीसीएस घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येत असल्याने वरील बेरजेत धरलेला नाही. मात्र ‘‘गाडी कंपनीच्या नावे घेऊ, कर वाचेल’’ असे म्हणणाऱ्या उद्योजकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. महाराष्ट्रात कंपनीच्या नावे नोंदलेल्या मोटारीस मोटार वाहन कर २० टक्के लागतो. आणि स्वतःच्या वापराच्या अशा मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळत नाही. अन्य राज्यांतील वाचकांनी आपापल्या राज्याचा दर पाहावा. कर्नाटकात वीस लाखांवरील मोटारीस मूळ दरच १८ टक्के आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींचा हिशेब सर्वस्वी निराळा. तेथे जीएसटी ५ टक्केच आहे, त्यामुळे हीच यादी तेथे पुष्कळ सौम्य वाटते.

खर्चाची ही बाजू झाली. परत किती मिळते? विम्यासाठी मोटारीचे घोषित मूल्य ठरवण्याच्या प्रचलित तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या मोटारीस ५० टक्के घसारा धरला जातो. जुन्या मोटारींच्या बाजारात भाव ठरतो तो मॉडेल, उत्पादन वर्ष, धाव आणि सर्व्हिसच्या नोंदी यांवर. ध्वनियंत्रणा कोणत्या कंपनीची आहे, यासाठी पुढचा ग्राहक क्वचितच वेगळे पैसे मोजतो. सनरूफ याला अपवाद म्हणावा लागेल. आपल्याकडे त्याची हौस इतकी आहे की तो नसलेली महागडी मोटार विकताना अडचण येऊ शकते. आवड नसतानाही सनरूफ घेणाऱ्यास अगदीच अव्यवहारी म्हणता येणार नाही. फक्त त्याच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि पावसाळ्यात छताच्या अस्तरातून पाणी झिरपते. सर्व्हिसच्या वेळी त्या साफ करून घ्याव्यात. लहान मुलांना त्यातून डोके बाहेर काढून उभे करण्याचा प्रकार तर सर्वथा टाळावा.

आजची चैन, उद्याचा कायदा

एवढे वाचून, पर्यायी सुविधा म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असा समज व्हायला नको. इतिहास नेमके उलट सांगतो. जोरात ब्रेक दाबला असता चाके घसरू न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये जर्मनीत मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत जादा पैसे मोजून घ्यावी लागत होती. चालकाची एअरबॅगही दशकाच्या वळणावर त्याच मालिकेत अशीच पर्याय म्हणून आली. वाहन भरकटू लागताच त्यास सावरणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये प्रथम महागड्या मोटारीतच दिसली. पुढे १९९७ मध्ये स्वीडनमधील एका चाचणीत त्याच कंपनीची छोटी ए-क्लास मोटार अचानक दिशा बदलताना उलटली आणि कंपनीला ही यंत्रणा त्या छोट्या मोटारीत सरसकट द्यावी लागली. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस, तर २०२१ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने पुढील दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या. अपघात टाळणाऱ्या किंवा अपघातात जीव वाचवणाऱ्या सुविधेकडे चैन म्हणून पाहू नये, हे या क्रमावरून सहज उमगते.

पण कोणती सुविधा आपला जीव वाचवील, याचे उत्तर माहितीपत्रकात नसते. ते आपल्या नेहमीच्या रस्त्यावर असते. शिरोलीच्या त्या उद्योजकांचेच पाहू. महिन्यातून चार-पाच वेळा पुण्याहून किंवा बेळगावहून रात्री परतणे, कधी आंबोलीमार्गे गोव्याला जाणे. दिवाळीनंतर या भागात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री अंधारातून संथपणे जात असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रखर झोत डोळ्यांवर असताना ही ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. समोरच्या वाहनापुरता प्रकाश वगळून उरलेला रस्ता पूर्ण उजळवणारे हेडलाइट अशा ठिकाणी शब्दशः उपयोगाचे ठरतात. यादीत ते नवव्या-दहाव्या ओळीत असतात आणि शोरूमच्या झगझगीत उजेडात त्यांची परीक्षा होणे शक्यच नसते. टेस्ट ड्राइव्ह सूर्यास्तानंतर मागावी. विक्रेते सहसा नाही म्हणत नाहीत.

ज्या गृहस्थाची मोटार दक्षिण मुंबईत घर ते कार्यालय एवढीच फिरते आणि तीही चालक चालवतो, त्याला या हेडलाइटचे काही अप्रूप नाही. त्याने चारही बाजूंचा कॅमेरा घ्यावा. मागची चाकेही वळवणारी यंत्रणा देऊ केली असेल तर तिचाही विचार करावा. काही मोठ्या सेडानमध्ये मागची चाके दहा अंशांपर्यंत वळतात आणि लांबलचक गाडी अरुंद गल्लीत आश्चर्यकारक सहजतेने फिरते. मागच्या सीटवरच बसायचे असेल, तर किरकोळ चैनींच्या बेरजेपेक्षा लांब व्हीलबेसचे मॉडेल पाहणे शहाणपणाचे. भारतीय ग्राहकाची ही सवय ओळखून मर्सिडीज-बेंझने २०१७ पासून ई-क्लास येथे लांब स्वरूपातच आणली. पाय पसरायला मिळालेली जागा दहा वर्षांनीही तेवढीच राहते. मागच्या पडद्यांचे मात्र तसे नाही. चार वर्षांत हातातला टॅब त्यांच्या पुढे निघून जातो.

चाकांबाबत मात्र कठोर व्हावे लागेल. टायरवरील आकडे वाचण्याची सवय फारशी कुणाला नसते. २३५/६० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १४१ मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. त्याच मोटारीला २५५/४५ आर २० बसवले तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, पण बाजूच्या रबराची उंची ११५ मिलिमीटरवर येते. रस्त्यावरच्या खड्ड्याचा धक्का आधी हे रबर झेलते. ते सव्वीस मिलिमीटरने कमी केल्यावर धक्का रिमला आणि पुढे प्रवाशाच्या कंबरेला बसणारच. शिवाय पुष्कळ महागड्या मोटारींत आता स्टेपनी नसते. टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीसंच असल्यास स्टेपनीविना मोटार विकण्यास २०२० मध्ये नियमांनी मुभा दिली. पंक्चर त्या संचाने निघते, पण खड्ड्यात आपटून फाटलेली टायरची बाजू निघत नाही. रात्री अकराला घाटात उभे राहण्याची वेळ आलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मोठी चाके दिसतात देखणी, हे खरे. पण ती गाडीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसतात.

एअर सस्पेन्शनचा प्रवास सुखाचा असतो यात शंका नाही. मात्र वॉरंटी संपल्यावर त्याची दुरुस्ती खर्चिक असते. पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्याने ते घ्यावे, दहा वर्षे वापरणाऱ्याने त्याऐवजी वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज घ्यावे. यादीत सर्वांत नीरस दिसणारी ही ओळ बहुधा सर्वांत फायद्याची ठरते. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, ओरखडा पडला तर पूर्ण पत्रा रंगवावा लागतो. ज्यांच्या सोसायटीत क्रिकेट चालते त्यांनी विचारही करू नये. व्हेंटिलेटेड सीट नागपूर, हैदराबाद किंवा अहमदाबादच्या उन्हाळ्यात रोज उपयोगी पडतात. सीट गरम करणारी सुविधा शिमला-श्रीनगरकडे ठीक. याच सुविधेसाठी बीएमडब्ल्यूने काही देशांत मासिक वर्गणी आकारण्याचा प्रयोग केला होता. सीटमधल्या तारा आधीच बसवलेल्या, पण पैसे भरल्याशिवाय ऊब नाही! ग्राहकांच्या नाराजीनंतर २०२३ मध्ये कंपनीने तो गुंडाळला. यापुढे यादी पाहताना ‘हे कायमचे की वर्गणीचे’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. युरोपात ग्राहक एकेक सुविधा निवडून आपली मोटार बांधून घेतो. आपल्याकडे चाकण, चेन्नई, छत्रपती संभाजीनगर किंवा बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथे जुळणी होणाऱ्या मोटारी ठरावीक व्हेरिएंटमध्ये येतात. हेडलाइट हवे असतील तर त्यांच्यासोबत पडदे आणि सुगंधयंत्रही घ्यावे लागते. अशा वेळी गठ्ठ्याची पूर्ण किंमत आपल्याला हव्या असलेल्या एका-दोन वस्तूंवरच टाकून पाहावी. तरीही ती रास्त वाटली तर गठ्ठा घ्यावा.

जे नंतर बसवता येते, ते पहिल्या इन्व्हॉइसमध्ये घालू नये. पायपुसणी, डॅशकॅम, सीट कव्हर यांवर नंतर घेताना जीएसटी १८ टक्के पडतो आणि मोटार वाहन कर लागत नाही. मात्र बाहेरून बसवलेल्या विजेच्या व अन्य साधनांची नोंद विमा कंपनीकडे करावी, अन्यथा त्यांची भरपाई मिळत नाही. मोटारीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याच्या फंदात तर पडूच नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. याचाच दुसरा अर्थ असा की हेडलाइट, सीटची रचना, सस्पेन्शन यांचा निर्णय खरेदीच्याच दिवशी करावा लागतो. विचार त्यांच्यावर खर्च करावा, पायपुसण्यांवर नव्हे.

विमा पॉलिसीतही एक यादी असते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरले, तर ते नुकसान मूळ पॉलिसीत सहसा बसत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. पंचाहत्तर लाखांच्या मोटारीत सुगंधयंत्र आहे आणि ही जोड नाही, असे दृश्य दुर्मीळ नाही.

सर्वांत मोलाची सुविधा तर यादीत नसतेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार आलिशान होती. ते मागील सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटचा पट्टा मोटारीसोबत विनामूल्य येतो. मागे पांढरे कव्हर घालताना तो कव्हराखाली दडपून टाकण्याची पद्धत मात्र अजूनही दिसते.

तर शिरोलीच्या त्या कुटुंबाने काय करावे? ते दुसऱ्या दिवशी पुन्हा शोरूममध्ये येतात. या वेळी सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई असतात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले. आई यादी पाहत नाहीत. ‘‘मला पाय उचलून आत ठेवता येतोय का, तेवढं बघ,’’ म्हणतात. दार पूर्ण उघडले जाते, आई दोनदा चढतात, दोनदा उतरतात. दाराच्या वरच्या पकडीला हात पोचतो. सीटची उंची ठीक आहे, पण खाली पायरीची पट्टी हवी. ती डीलरकडून नंतर बसवता येणारी, कंपनीची मान्यताप्राप्त वस्तू निघते. काल नऊ ओळींत जिचा उल्लेखही नव्हता, ती गरज दहा मिनिटांत समोर येते.

मग पेन हाती घेतले जाते. मॅट रंग, वीस इंची चाके, पडदे, ध्वनियंत्रणा, एअर सस्पेन्शन या ओळींवर काट मारली जाते. हेडलाइट, कॅमेरा आणि व्हेंटिलेटेड सीट राहतात. सनरूफवर थोडा वाद होतो. मुलाच्या हट्टाखातर तो राहतो. वाढीव वॉरंटी नव्याने लिहिली जाते.

‘‘पण साहेब, या कॉम्बिनेशनची गाडी स्टॉकमध्ये नाही. डिसेंबरअखेर येईल. दसरा चुकेल.’’

उद्योजक क्षणभर पत्नीकडे पाहतात. त्या म्हणतात, ‘‘अहो, डिसेंबरला येणार तर जानेवारीत तयार झालेलीच मागा. नाहीतर विकताना वर्ष जुनी धरतील.’’ बँकेच्या अधिकाऱ्यानेही यापेक्षा वेगळा सल्ला दिला नसता. बुकिंगच्या अर्जावर तसे लिहून घेतले जाते आणि मंजूर कर्जाची उचल डिलिव्हरीच्या वेळीच करायची ठरते, म्हणजे तोवरचे व्याज नाही.

गाडीत बसता बसता आई विचारतात, ‘‘मग दसऱ्याला पूजा कशाची?’’

‘‘हिचीच,’’ म्हणून ते अकरा वर्षांच्या जुन्या सेडानच्या टपावर हात ठेवतात आणि वाटेत झेंडू घेण्यासाठी लक्ष्मीपुरीकडे वळतात.